वाळवंटी खाणपट्ट्याचे जुने स्थलदर्शक नकाशे आजच्या जमिनीवर कसे बसवावेत : नेवाडातील बुलफ्रॉग टेकड्यांचे उदाहरण

रायोलाइट या ओसाड खाणगावाच्या परिसराचा जुना नकाशा उतरवून उपग्रहचित्रावर ठेवला की खाणींची तोंडे शंभर-दोनशे मीटर बाजूला पडतात. मग बहुतेक जण एक तर जुन्या मोजणीदारांना दोष देतात, नाही तर नकाशा ओढून-ताणून चित्राशी जुळवून घेतात. दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा अधिक घातक आहे, कारण त्यात चूक नाहीशी होत नाही, फक्त दिसेनाशी होते. नकाशा आणि जमीन यांच्यातील अंतरात किमान तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात : कागदाची व स्कॅनची विकृती, डेटममधील (अक्षांश-रेखांश मोजण्याच्या आधारचौकटीतील) फरक आणि मूळ मोजणीतील त्रुटी. या तिन्ही क्रमाने आणि स्वतंत्रपणे सोडवाव्या लागतात. पुढील सर्व टप्पे क्यूजीआयएस ही नकाशांवर काम करण्याची संगणक-प्रणाली गृहीत धरून लिहिले आहेत. इतर प्रणालींत मेनू बदलतील, क्रम बदलणार नाही.

टप्पा १ : प्रश्न ठरवा, मग पत्रक निवडा

अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने १८८४ ते २००६ या काळातील आपले छापील स्थलदर्शक नकाशे स्कॅन करून ‘टोपोव्ह्यू’ या सेवेवर मोफत ठेवले आहेत. बुलफ्रॉग परिसरासाठी दोन पत्रके विशेष कामाची आहेत. पहिले विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे, १:२,५०,००० प्रमाणाचे ‘फर्नेस क्रीक’ पत्रक. ते ३६° ते ३७° उत्तर आणि ११६° ते ११७° पश्चिम असा पूर्ण एक अंशाचा चौकोन दाखवते. दुसरे १९५० च्या दशकातील, १:६२,५०० प्रमाणाचे, पंधरा मिनिटांचे ‘बुलफ्रॉग’ पत्रक. त्याच्या सीमा ३६°४५′ ते ३७°००′ उत्तर आणि ११६°४५′ ते ११७°००′ पश्चिम अशा आहेत.

नेमकी खाण शोधायची असेल तर पहिले पत्रक हाती घेण्यात अर्थ नाही. १:२,५०,००० वर कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५० मीटर. अमेरिकेच्या १९४७ च्या राष्ट्रीय अचूकता निकषानुसार या प्रमाणांच्या नकाशांवरील ठळक बिंदूंपैकी नव्वद टक्के बिंदू कागदावर इंचाच्या पन्नासाव्या भागाच्या, म्हणजे सुमारे अर्ध्या मिलिमीटरच्या आत असावे लागतात. हे अंतर १:६२,५०० वर सुमारे ३२ मीटर, तर १:२,५०,००० वर सुमारे १२७ मीटर होते. शिवाय १९४७ पूर्वीच्या पत्रकांना हा निकष लागूच नव्हता. जुने पत्रक रस्ते, पाणवठे, वस्त्यांची नावे आणि खाणपट्ट्याचा एकूण पसारा यांसाठी वापरावे. शाफ्टचे (उभ्या खाणविहिरीचे) स्थान त्यावरून ठरवू नये.

बिटी हे गाव जवळपास ११६°४५′ या रेखावृत्तावरच वसलेले आहे. त्यामुळे बुलफ्रॉग पत्रकाबरोबर पूर्वेकडचे ‘बेअर माउंटन’ पत्रकही उतरवून ठेवावे. कडेवरचा तुकडा पाहून ‘नकाशात गाव अर्धेच दाखवले आहे’ असा निष्कर्ष काढणारे कमी नाहीत.

टप्पा २ : समासातील मजकूर पूर्ण वाचा

ही पायरी सर्वाधिक वगळली जाते आणि पुढील निम्म्या चुका इथेच जन्म घेतात. समासातून पुढील गोष्टी टिपून घ्याव्यात : मोजणीचे वर्ष, आवृत्तीचे वर्ष, पुनर्मुद्रणाचे वर्ष, प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याची पद्धत), डेटम, समोच्चरेषांतील अंतर व त्याचे एकक, चुंबकीय दिक्पात (खरी उत्तर व होकायंत्राची उत्तर यांतील कोन), आणि मोजणी समतल फलकावर (जागेवर उभारलेल्या रेखाटन-फळीवर) झाली की हवाई छायाचित्रांवरून.

तीन वर्षांची गल्लत करू नये. मोजणीचे वर्ष जमिनीची स्थिती सांगते, आवृत्तीचे वर्ष प्रकाशनाची तारीख सांगते आणि पुनर्मुद्रणाचे वर्ष बहुधा फक्त छापखान्याबद्दल सांगते. या भागात त्याचा पडताळा रेल्वेवरून सहज घेता येतो. बुलफ्रॉगमध्ये सोने १९०४ साली सापडले. लास वेगास अँड टोनोपा रेल्वे डिसेंबर १९०६ मध्ये रायोलाइटला पोहोचली, तर बुलफ्रॉग-गोल्डफील्ड आणि टोनोपा अँड टाइडवॉटर या दोन रेल्वे १९०७ मध्ये या पट्ट्यात आल्या. मोजणीचे वर्ष १९०५-०६ लिहिलेल्या पत्रकावर हे लोहमार्ग दिसत असतील, तर ते नंतर भरले गेले आहेत. तसे असेल तर त्यांच्या अचूकतेला उरलेल्या नकाशाचा दाखला देता येत नाही.

साधारण १९६० च्या दशकानंतरच्या सुधारित आवृत्त्यांत जांभळ्या रंगात छापलेले तपशील असतात. ते हवाई छायाचित्रांवरून घातलेले असून बहुतेक वेळा प्रत्यक्ष जागेवर तपासलेले नसतात.

सावधान : आपल्याकडील भारतीय सर्वेक्षण विभागाच्या एक इंचास एक मैल या जुन्या पत्रकांवर काम केलेल्यांच्या बोटांत १:६३,३६० हा आकडा बसलेला असतो. अमेरिकी पत्रक १:६२,५०० चे आहे. फरक दीड टक्क्याहूनही कमी, पण दहा किलोमीटरवर तो सुमारे १४० मीटर भरतो. त्याचप्रमाणे भारतीय पत्रकांचा एव्हरेस्ट लंबवर्तुळाभ (पृथ्वीच्या आकाराचे गणिती प्रारूप) आणि कल्याणपूर डेटम यांचा इथे काहीही संबंध नाही.

टप्पा ३ : प्रतिमा तयार ठेवा

जिओटिफ किंवा जिओपीडीएफ (निर्देशांक जोडलेली प्रतिमा) उतरवावे. केएमझेड स्वरूपातील प्रत झटपट पाहण्यापुरती ठीक आहे, पण तिच्यात पिक्सेल एकदा बदललेले असतात, म्हणून मोजमापासाठी ती घेऊ नये. स्वतः कागद स्कॅन करणार असाल तर ६०० डीपीआय पुरेसे आहे. त्या घनतेला १:६२,५०० च्या पत्रकावर एक पिक्सेल म्हणजे साधारण २.६ मीटर. प्रतिमा फिरवू नये, सरळ करू नये, समास कापू नये. तिरपेपणा पुढील टप्प्यात गणिताने आपोआप निघतो. डोळ्यांनी सरळ करताना मात्र पिक्सेल एकदा उगाच विस्कटतात.

पडताळा : बुलफ्रॉग पत्रकाची नकाशाचौकट कागदावर दक्षिण कडेला सुमारे ३५.७ सेंटिमीटर रुंद आणि सुमारे ४४.४ सेंटिमीटर उंच असायला हवी. स्कॅनवरून काढलेले माप यापेक्षा एका दिशेला काही मिलिमीटर वेगळे आले तर कागद आक्रसला आहे किंवा स्कॅनरने ताणला आहे. हे आजच लिहून ठेवावे.

टप्पा ४ : नकाशा त्याच्या स्वतःच्या जाळीवर बसवा

या टप्प्यात उपग्रहचित्र उघडूच नये. नियंत्रणबिंदू म्हणून फक्त नकाशावर छापलेली अक्षवृत्त-रेखावृत्तांची जाळी घ्यायची आहे. पंधरा मिनिटांच्या पत्रकावर दर पाच मिनिटांना खूण असते, म्हणजे चार कोपरे, कडांवरील आठ खुणा आणि आतील चार फुल्या मिळून सोळा बिंदू मिळतात. सोळाही घ्यावेत. चार कोपऱ्यांवर काम भागते हे खरे, पण मग मधली घडी किंवा फुगवटा कळायला काही साधन उरत नाही.

निर्देशांक टाइप करताना दोन चुका हमखास होतात. पहिली, मिनिटे दशांशासारखी लिहिणे : ११६°४५′ म्हणजे ११६.७५, ११६.४५ नव्हे. दुसरी, पश्चिम रेखांशाचे ऋण चिन्ह विसरणे. ऋण चिन्ह गेले की रायोलाइट थेट चीनच्या शांतुंग प्रांतात, जिनान शहराच्या आसपास जाऊन पडते. ही चूक निदान लगेच दिसते. मिनिटांची चूक अमेरिकेच्या वाळवंटातच राहते आणि म्हणून जास्त काळ टिकते.

निर्देशांक-प्रणाली निवडताना घाई करू नये. जाळीचे अंश नॅड-२७ (१९२७ चा उत्तर अमेरिकी डेटम) मधील आहेत, म्हणजे ईपीएसजी ४२६७ (निर्देशांक-प्रणालींच्या यादीतील क्रमांक). पण नकाशा अंशांतच बसवला तर आणखी एक अडचण येते. रेखावृत्ते उत्तरेकडे जवळ येतात, त्यामुळे पत्रक आयताकृती नसते. बुलफ्रॉग पत्रकाची दक्षिण कडा उत्तर कडेपेक्षा जमिनीवर सुमारे ७० मीटरने लांब आहे. साध्या रेषीय रूपांतराला हे कळत नाही, आणि कोपऱ्यांवर अठरा-एक मीटरची त्रुटी उगाच येते. एक अंशाच्या फर्नेस क्रीक पत्रकावर हीच त्रुटी तीनशे मीटरच्या घरात जाते. म्हणून सोळाही बिंदूंचे अंश आधी नॅड-२७ यूटीएम (जगाचे विभाग पाडून मीटरमध्ये मोजणारी जाळी) विभाग ११ उत्तर, म्हणजे ईपीएसजी २६७११, या प्रणालीत मीटरमध्ये बदलून घ्यावेत आणि जिओरेफरन्सरमध्ये (प्रतिमा निर्देशांकांवर बसवणाऱ्या साधनात) तेच वापरावेत. एक अंशाच्या पत्रकासाठी, जुन्या पत्रकांचे मूळ प्रक्षेपण बहुशंकू असल्यामुळे, क्लार्क १८६६ लंबवर्तुळाभावर बहुशंकू प्रक्षेपण स्वतः तयार करून घेणे अधिक चांगले.

पडताळा : यूटीएम विभाग ११ चे मध्य रेखावृत्त ११७° पश्चिम आहे आणि बुलफ्रॉग पत्रकाची पश्चिम कडाही तीच आहे. त्यामुळे या कडेवरील चारही बिंदूंचे पूर्व-अंतर नेमके ५,००,००० मीटर आले पाहिजे. एक मीटर जरी कमी-जास्त आले तरी रूपांतरात काहीतरी चुकले आहे. पुढे जाऊ नये.

रूपांतराचा प्रकार ‘पॉलिनॉमियल १’ ठेवावा. तो फिरवणे, सरकवणे, तिरपे करणे आणि दोन दिशांना वेगवेगळे आक्रसणे एवढेच करतो, आणि जुन्या कागदाला बहुधा तेवढेच लागते. ‘थिन प्लेट स्प्लाइन’ निवडल्यावर सर्व बिंदूंवरील त्रुटी शून्य दिसते आणि नवखे लोक खूश होतात. वास्तविक तो प्रकार प्रत्येक बिंदू जसाच्या तसा मान्य करतो, म्हणजे चुकीचा बिंदूही. शून्य त्रुटी हे तिथे अचूकतेचे लक्षण नसून तपासणीच उरली नसल्याचे लक्षण आहे.

सरासरी त्रुटीच्या एका आकड्यावर समाधान मानू नये, प्रत्येक बिंदूची त्रुटी तक्त्यात पाहावी. १:६२,५०० वर बारा मीटर, म्हणजे कागदावर सुमारे ०.२ मिलिमीटर, ही माझ्या मते स्वीकारण्याजोगी मर्यादा आहे. एकच बिंदू बाहेर जात असेल तर तो पुन्हा टिपावा. एका बाजूचे तीन-चार बिंदू एकाच दिशेला जात असतील तर तिथे घडी आहे. अशा वेळी तो पट्टा वेगळा नोंदवून ठेवावा, बिंदू खोडून सरासरी सुधारू नये.

टोपोव्ह्यूवरची तयार भूसंदर्भित (आधीच निर्देशांकांवर बसवलेली) फाइल वापरणार असाल तरी हा टप्पा पूर्ण टाळता येत नाही. तीही जाळीवरूनच बसवलेली असते, जमिनीवरून नव्हे. किमान दोन समोरासमोरचे कोपरे आणि मधल्या दोन फुल्या तपासून घ्याव्यात.

टप्पा ५ : डेटम बदला, एकदाच

आता नकाशा नॅड-२७ मध्ये आहे, तर आजची चित्रे व उंचीचे नमुने (जमिनीच्या उंचीची संगणकीय प्रारूपे) नॅड-८३ किंवा डब्ल्यूजीएस-८४ या नव्या डेटममध्ये. नेवाडाच्या या भागात दोहोंतील प्रत्यक्ष सरक सुमारे ८० मीटर आहे आणि ती मुख्यतः पूर्व-पश्चिम दिशेने. यूटीएमच्या आकड्यांत मात्र लंबवर्तुळाभही बदलत असल्याने उत्तर-अंतरात सुमारे २०० मीटरचा फरक दिसतो. जुन्या आकड्यांना नुसते नवे लेबल लावणाऱ्यांच्या खाणी बरोबर या दोनशे मीटरने सरकलेल्या आढळतात. लेखाच्या आरंभी सांगितलेल्या गोंधळाचे सर्वांत मोठे कारण हेच.

प्रणाली रूपांतराचे पर्याय विचारते तेव्हा नॅडकॉन ग्रिडवर (जागोजागची सरक दिलेल्या तक्त्यावर) आधारलेला पर्याय निवडावा. ग्रिडची फाइल संगणकावर नसेल तर प्रणाली कधीकधी ढोबळ रूपांतरावर जाते आणि इशारा एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत देते. तो वाचावा, फाइल उतरवून घ्यावी.

१९२७ पूर्वीच्या पत्रकांबाबत आणखी एक खबरदारी हवी. फर्नेस क्रीकसारखे पत्रक नॅड-२७ चे असूच शकत नाही. १९०१ च्या सुमारास ठरवलेला आधीचा डेटम त्याच लंबवर्तुळाभावर आणि कॅन्सासमधील मीड्स रँच या त्याच मूलबिंदूवर बेतलेला होता, म्हणून नॅड-२७ हे काम चालवण्यापुरते गृहीतक म्हणून चालते. पण ते गृहीतक आहे अशी नोंद फाइलसोबत असलीच पाहिजे.

टप्पा ६ : जमिनीशी पडताळा

इथे पहिल्यांदा उपग्रहचित्र उघडायचे. उद्देश नकाशा हलवण्याचा नाही, तर उरलेला फरक मोजण्याचा आहे. आठ-दहा ठळक, न हललेली ठिकाणे निवडावीत, ती पत्रकभर विखुरलेली असावीत, आणि प्रत्येक ठिकाणी नकाशा किती मीटर व कोणत्या दिशेला सरकला आहे ते लिहावे आणि बाणाने दाखवावे.

वाळवंटात ‘न हललेले ठिकाण’ शोधणे वाटते त्यापेक्षा अवघड आहे. कोरडे ओहोळ एका पुरात पात्र बदलतात. अमार्गोसा नदी बहुतांश काळ कोरडी असते, म्हणून तिच्या काठावर बिंदू घेऊ नये. प्लायाची (कोरड्या तळ्याच्या सपाट तळाची) कड ऋतूनुसार बदलते, वाळूचे डोंगर सरकतात, आणि पंखाकृती मैदानांवरच्या पायवाटा दर पावसाळी लोंढ्यानंतर नव्याने पडतात. रस्ते तर सर्वांत फसवे. लास वेगास अँड टोनोपा रेल्वे १९१८ मध्ये बंद पडल्यावर तिच्या बिटी-लास वेगास भरावाचा बराच भाग महामार्गासाठी वापरला गेला, आणि आजचा अमेरिकी महामार्ग ९५ अनेक ठिकाणी त्यावरूनच जातो. त्यामुळे नकाशावरचा लोहमार्ग आणि चित्रातला रस्ता जुळले की लोक त्याला योगायोग समजून सोडून देतात. उलट नकाशावरचा जुना रस्ता आजच्या महामार्गाशी जुळत नाही म्हणून नकाशाच सरकवतात.

भरवशाची ठिकाणे अशी : रेल्वेभरावांची वळणे आणि खडकातील कटिंगे, जी बिटी-रायोलाइट दरम्यान हवाई चित्रांत आजही स्वच्छ दिसतात, रायोलाइटमधील लास वेगास अँड टोनोपा रेल्वेचे अजून उभे असलेले स्थानक, खडकाळ शिखरांचे माथे, आणि बांधीव इमारतींचे कोपरे. नकाशावर इमारतीचे चिन्ह प्रत्यक्षापेक्षा मोठे काढलेले असते, म्हणून चिन्हाचा मध्य घ्यावा.

निकाल असा वाचावा. सर्व बाण एकाच दिशेला आणि साधारण सारख्याच लांबीचे असतील तर चूक पद्धतशीर आहे. टप्पा ५ पुन्हा तपासावा. त्यात काही सापडले नाही तरच संपूर्ण पत्रक तेवढ्या अंतराने सरकवावे आणि ते अंतर नोंदवावे. बाण चहूकडे असतील आणि ३०-४० मीटरच्या आत असतील तर तो नकाशाचा स्वतःचा स्वभाव आहे, त्याला हात लावू नये. फक्त डोंगराळ भागातच बाण मोठे असतील, तर तिथली मोजणी कमी बिंदूंवरून रेखाटली गेली असणार.

टप्पा ७ : खाणचिन्हे टिपा

सरधोपट ‘खाण’ असा एकच प्रकार ठेवू नये. अमेरिकी पत्रकांवर एकमेकांवर ठेवलेल्या दोन कुदळी खाण किंवा दगडखाण दाखवतात, फुली चाचणी-खड्डा दाखवते, छोटा अर्धा काळा चौकोन उभा शाफ्ट दाखवतो, आणि वाय आकाराचे चिन्ह आडव्या बोगद्याचे तोंड दाखवते. या शेवटच्या चिन्हात उघडी बाजू तोंडाकडे असते आणि शेपूट बोगदा आत कोणत्या दिशेला जातो ते सांगते. ही दिशा वेगळ्या रकान्यात लिहावी, कारण डोंगराच्या उतारासोबत ती ताडून पाहता येते : शेपूट उताराच्या खालच्या बाजूला निघत असेल तर चिन्ह वाचण्यात चूक झाली आहे.

प्रत्येक बिंदूसोबत पत्रकाचे नाव, मोजणीचे वर्ष, चिन्हाचा प्रकार आणि अनिश्चितता मीटरमध्ये लिहावी. दोन मिलिमीटरचे चिन्ह १:६२,५०० वर जमिनीवर १२५ मीटर व्यापते. दाटीवाटीच्या जागी नकाशाकाराने काही खड्डे गाळले, काही जागेवरून थोडे सरकवले. त्यामुळे चिन्ह नाही म्हणजे खाण नव्हती, असे अनुमान काढता येत नाही.

पडताळा : भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने याच प्रकारच्या पत्रकांवरून टिपलेली खाणचिन्हे ‘यूएसमिन’ या संचात खुली ठेवली आहेत. आपले टिपण पूर्ण झाल्यावर ती उघडावीत, आधी नव्हे. आधी पाहिली की डोळा त्यांच्याच जागा शोधतो.

जुन्या खाणहक्कांचे मोजणीनकाशे सोबत जोडणार असाल तर दिक्पात विसरू नये. त्या कागदांवरील दिशा खऱ्या उत्तरेपासून आहेत की चुंबकीय, हे त्याच कागदावर शोधावे. चार अंशांची गल्लत एका किलोमीटरवर सत्तर मीटर होते. १८७२ च्या कायद्यानुसार खनिजाच्या शिरेवरचा खाणहक्क जास्तीत जास्त १५०० फूट लांब आणि ६०० फूट रुंद असू शकतो. जोडलेला चौकोन याहून मोठा भरला तर प्रमाणातच घोळ आहे.

टप्पा ८ : उंची आणि समोच्चरेषा

उंची फुटांत आहे, एक फूट ०.३०४८ मीटर. फर्नेस क्रीक पत्रकावर डेथ व्हॅलीचा तळ येतो आणि बॅडवॉटर समुद्रसपाटीखाली २८२ फूट आहे. दरीच्या तळाकडील समोच्चरेषा ऋण किमतीच्या आहेत. त्यांचे आकडे धन म्हणून टाइप झाले तर दरीच्या मधोमध एक टेकडी उभी राहते, आणि संगणक तिला बिनतक्रार छायांकितही करतो. शून्याची रेषा आधी शोधून ती वेगळ्या रंगात टिपावी, मग तिच्या आतील प्रत्येक रेषेला ऋण चिन्ह द्यावे.

जुन्या रेषांची आजच्या उंची-नमुन्याशी वजाबाकी करून ‘किती खोदले गेले’ हे काढण्याचा मोह होतो. निकषानुसार समोच्चरेषेची उंची अंतराच्या निम्म्यापर्यंत चुकू शकते. चाळीस फुटांचे अंतर असेल तर सहा मीटरपर्यंतचा फरक काहीच सिद्ध करत नाही. त्याहून मोठे फरक मात्र खरे असू शकतात. मॉन्टगोमेरी-शोशोन ही १९११ मध्ये बंद पडलेली खाण आणि जवळचा लॅड माउंटन यांच्या भागात १९८९ पासून १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत आधुनिक उघड्या खाणी खोदल्या गेल्या. तिथे जुनी रेषा आणि आजची जमीन जुळत नाही, कारण ती जमीनच आता नाही. या क्षेत्राभोवती आधीच चौकट काढून ते टप्पा ६ च्या तपासणीतूनही वगळावे.

टप्पा ९ : प्रत्यक्ष जागेवर जाणार असाल तर

यादीतील बिंदूकडे थेट चालत जाऊ नये. तुमची अनिश्चितता शंभर मीटर असेल तर शाफ्ट त्या शंभर मीटरांत कुठेही, झुडपामागे किंवा कुजलेल्या लाकडी फळ्यांखाली असू शकतो. टाकाऊ दगडांचा ढीग दुरून हेरावा, उताराच्या वरच्या बाजूने जाणे टाळावे आणि कोणत्याही बोगद्यात शिरू नये. डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून जुनी वस्तू उचलणे बेकायदेशीर आहे. जागेवर घेतलेले जीपीएसचे वाचन कोणत्या डेटममध्ये आहे हे यंत्राच्या सेटिंगमध्ये पाहून वहीत लिहावे. कारण ते नॅड-२७ वर ठेवलेले निघाले तर टप्पा ५ मधले ८० मीटर इथे पुन्हा उगवतील.